सोसण्याचा वारसा नको

आपल्या समाजातले ज्येष्ठ सर्जन बोलायला लागले की एक वाक्य हमखास येते, "आम्हीही सोसले, म्हणून उभे राहिलो." तरुण रेसिडेंट विचारतात, "पण सोसायचे कशाला?" मी या दोघांच्या मधल्या पिढीचा सर्जन आहे आणि मला प्रश्न विचारणाऱ्यांचे म्हणणे पटते.

ज्येष्ठ मंडळी हाऊसमन होती तेव्हा नावावरून, जातीवरून, भाषेवरून उघड टोमणे मारले जात. त्याला भेदभाव म्हणत नसत, ट्रेनिंग म्हणत. ते गप्प राहिले, पण भित्रे म्हणून नव्हे. केस वाटणारा आणि प्रबंधावर सही करणारा माणूस एकच असेल, तर तक्रार करायची कुणाकडे?

ही अडचण आजही तशीच आहे. शिवाय सर्जरीत भेदभावाला शिवी लागत नाही. सोबतच्या रेसिडेंटला हर्निया करायला मिळतो, तुमच्या हाती वर्षभर रिट्रॅक्टरच राहतो. तीन वर्षांनी डिग्री दोघांनाही मिळते, हात मात्र एकाचाच बसलेला असतो.

नवी पिढी आली की हे आपोआप संपेल, असे समजू नका. डॉ. पायल तडवी आठवा. जळगावकडची तडवी भिल्ल मुलगी, आदिवासी आणि मुस्लिमही. मुंबईच्या नायर रुग्णालयात त्या स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. मे २०१९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जातीवरून छळ करून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा तीन वरिष्ठ रेसिडेंटवर दाखल झाला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण ज्यांच्यावर आरोप झाले त्या तिघी कुणी म्हाताऱ्या प्राध्यापक नव्हत्या, पायल यांच्याच पिढीच्या होत्या. आज रिट्रॅक्टर धरणारा उद्या केस वाटू लागतो. त्याने सोसणे हीच शिस्त मानली, तर तो पुढच्याला तेच देणार.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. टाळाटाळ केली तर त्यालाही जबाबदार धरता येते. म्हणून मित्रमैत्रिणींनो, कँटीनमध्ये बोलून थांबू नका. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. लॉगबुक चोख भरा. कुणाला किती केस मिळाल्या, हे दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही.

ज्येष्ठांनाही एक सांगायचे आहे. याच कायद्याने तक्रारीचा हक्क विद्यार्थ्याइतकाच पालकांना आणि संस्थेतल्या शिक्षकांनाही दिला आहे. तुमच्यापैकी कित्येक जण आज शिक्षक आहेत, कित्येकांची मुले रेसिडेंट आहेत. तुमच्या तरुणपणी सही करायला कुणी पुढे आले नाही. आता ती सही तुम्ही करू शकता. "सोसा" म्हणण्याऐवजी तक्रारीच्या कागदावर आपले नाव घाला.