विश्लेषण : औषध देणाऱ्या नर्सला जॅकेट घातले, तर चुका टळतील?

‘सिस्टर, सलाईन संपत आलंय!’ औषधांची ट्रॉली घेऊन फिरणाऱ्या नर्सला अशी हाक कोणत्याही वॉर्डात ऐकू येते. ती किती महागात पडू शकते, हे ऑस्ट्रेलियातील सिडनीत दोन रुग्णालयांत मोजले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९८ नर्सनी ४,२७१ वेळा औषध दिले. त्यातील ५३ टक्के वेळा व्यत्यय आला. प्रत्येक व्यत्ययागणिक चुकीचे औषध, चुकीची मात्रा यांसारख्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या.

उपाय विमानातून आला. १० हजार फुटांखाली वैमानिकांनी अनावश्यक बोलू नये, असा अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे. त्याच धर्तीवर नर्सना ‘व्यत्यय आणू नका’ असे लिहिलेली बिनबाह्यांची जॅकेटे दिली गेली. सिडनीतील चाचणीत (२०१७) औषधाशी संबंध नसलेले व्यत्यय दर १०० वेळांमागे १५ ने घटले. पण जॅकेट गरम होते, अवघडल्यासारखे वाटते, वेळ जातो, असे नर्सचे म्हणणे होते. ते कायम ठेवायला निम्म्याहून कमी जणींचा पाठिंबा मिळाला.

यात आश्चर्य नाही. कॉकपिटला दार असते, वॉर्डात रुग्ण समोरच असतो. शिवाय ‘ही गोळी कालच्यापेक्षा वेगळी दिसते’ म्हणणारा रुग्ण कामात व्यत्ययच आणतो, पण चूकही टाळतो. म्हणून अनुभवी नर्स तातडीचे काय ते आधी ओळखते. बाकीच्यांना ‘दोन मिनिटांत येते’ सांगते आणि काम अर्धवट सुटलेच, तर परतल्यावर रुग्णाचे नाव, औषध, मात्रा पहिल्यापासून तपासते. यासाठी तिच्याकडे वेळ मात्र हवा. सलाईनबद्दल सांगायला वॉर्डात दुसरे कोणीच नसेल, तर नातेवाईक जॅकेटवाल्या सिस्टरलाच हाक मारणार.