विहीर कोणीं सरकविली ?

आमच्या घराण्यांतील वाटण्या मागील पिढींतच झालेल्या असल्यामुळें आतां भांडणास कांहीं कारण उरलें नाहीं, अशी माझी बरींच वर्षें समजूत होती. २०२५ च्या वैशाखांत ती खोटी ठरली. घडलें तें प्रत्येक कुटुंबानें ऐकून ठेवण्यासारखें आहे, म्हणून या महिन्यांत तेंच सांगतों.

तारापूर-चिंचणीच्या बाजूस आमची वाडी आहे. तिचा नैऋत्येकडील भाग आमचे चुलत बंधु दादा यांचा. ईशान्येकडील मी आणि माझा धाकटा भाऊ यांचा. मध्यें हद्दीचा धोंडा. २०१२ सालीं एका मोजणीदारानें उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान काढणारें सूक्ष्म यंत्र आणून धोंड्याचे व इतर खुणांचे अक्षांश-रेखांश आम्हांस कागदावर लिहून दिले होते. हातांतल्या मोबाइलचें स्थान चार-पांच मीटर इकडे-तिकडे होतें; या यंत्राची चूक दोन-चार बोटांपलीकडे जात नाहीं. तो कागद देवघराच्या कपाटांत जपून ठेवलेला होता.

कुंपण घालावयाचें ठरलें तेव्हां दुसरा मोजणीदार आला. त्यानें तशाच यंत्रानें जुन्या आंकड्यांवर खुंटी ठोकली, तों ती धोंड्यापासून सव्वादोन फूट नैऋत्येस पडली ! म्हणजे धोंडा तेवढाच आमच्या बाजूस सरकला होता. आमच्या वडिलांच्या वेळच्या तेहतीस फुटी सांखळीनें मोजलें तर एक आणा आणि वर थोडें. जमीन अल्प, पण संशय मोठा. धाकटा भाऊ सरळ म्हणाला, “दादांनीं धोंडा हलविला.” हें दादांच्या कानीं जावयास वेळ लागला नाहीं. वहिनी माझ्याकडे येऊन एवढेंच म्हणाल्या, “अण्णा, रात्रीं धोंडे हलविण्याचें आमचें वय राहिलें आहे का ?” त्या दिवसापासून त्यांच्या घरचा नैवेद्य आमच्याकडे येणें बंद झालें.

कोणी म्हणाले, भूकंपानें झालें असेल. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे धक्के बसत आले आहेत हें खरें. परंतु ते लहान धक्के. त्यांनीं आमची वाडी सव्वादोन फूट सरकावी, आणि भिंतीला एक तडाही न जावा, हें संभवत नाहीं.

माझें शिक्षण मॅट्रिकपुरतें आणि पुढें संस्कृताचें. परंतु मुलांचीं गणितें तपासण्यांत जन्म गेला, त्यामुळें उत्तर विचित्र आलें कीं ताळा पाहण्याची संवय आहे. जुन्या कागदांत सामाईक विहिरीच्या कठड्याचा एक कोपराही नोंदलेला होता. मीं मोजणीदारास म्हटलें, “आतां विहीर मोजा.” मोजली. तीही ईशान्येस सव्वादोन फूट सरकलेली ! मग मीं भावास विचारलें, “धोंडा दादांनीं हलविला म्हणतोस, विहीर कोणीं सरकविली?” तो निरुत्तर झाला.

हैदराबादेस नोकरीस असलेल्या पुतण्यास मीं सर्व आंकडे कळविले. त्यानें जो उलगडा केला तो असा. भारत ज्या भूपट्टावर आहे, तो पट्ट अखंड ईशान्येकडे सरकत आहे. त्याच्याच रेट्यानें हिमालय उंचावला. आपल्या पालघरकडे ही गति वर्षास सुमारें पांच सेंटीमीटर आहे. धोंडा, विहीर, बोईसरचे कारखाने, तारापूरचें अणुकेंद्र, सारीं एकत्रच चाललीं आहेत. म्हणून त्यांचीं परस्पर अंतरें बदलत नाहींत व आपणांस कांहीं जाणवत नाहीं. परंतु उपग्रहांचे अक्षांश-रेखांश ज्या आंतरराष्ट्रीय संदर्भचौकटीवर मोजतात, ती कोणा एका देशाच्या जमिनीस बांधलेली नाहीं. त्यामुळें स्थिर धोंड्याचे आंकडे मात्र दरवर्षीं बदलतात. तेरा वर्षांत पूर्वेस सुमारें ५० आणि उत्तरेस सुमारें ४४ सेंटीमीटर. तिरपें अंतर ६७ सेंटीमीटर, म्हणजेच आमचे सव्वादोन फूट.

ज्यांच्या घरीं पंचांगाचा वाद झालेला आहे त्यांस हें अवघड वाटूं नये. सायन व निरयन यांतील अंतर, म्हणजे अयनांश, वर्षास सुमारें ५० विकलांनीं वाढतें. १९५६ च्या मार्चमध्यें पंचांगसुधारणा समितीनें तें २३ अंश १५ कला धरलें. आज तें २४ अंशांच्या पुढें गेलें आहे. तारा तोच, पण आरंभबिंदु कोणता आणि वर्ष कोणतें हें सांगितल्यावांचून त्याच्या अंशांस अर्थ नाहीं. धोंड्याचेंही तसेंच.

चौकटींचा घोळ नवा नाहीं. १८०२ सालीं मद्रासेस पायारेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारे लॅम्ब्टन १८२३ सालीं आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें वारले. त्यांच्यामागून आलेल्या एव्हरेस्ट यांच्या नांवाचें पृथ्वीचें माप आपल्या नकाशांना दीर्घकाळ आधारभूत होतें. त्यांतील विषुववृत्तीय त्रिज्या हल्लींच्या उपग्रहमापाहून सुमारें ८६१ मीटर कमी आहे. म्हणून जुन्या नकाशावरील अंश तसेच्या तसे नव्या यंत्रांत घातले तर स्थान कित्येक मीटर चुकतें.

हीं रूपांतरें करण्यासाठीं ‘प्रोज’ नांवाची संगणकप्रणाली आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यांतील गेराल्ड एव्हेंडेन यांनीं तिचा पाया घातला. ती विनामूल्य आहे. २०१८ सालच्या पांचव्या आवृत्तीपासून तिला अक्षांश, रेखांश व उंची यांच्या जोडीस चौथा अंक, म्हणजे काल, देतां येतो. एका चौकटींतून दुसरींत जातांना तीन सरकणीं, तीन वळणें व एक प्रमाण असे सात अंक लागतात. त्या प्रत्येकाची वार्षिक गति धरली कीं चौदा होतात.

येथें पुतण्याही एकदां फसला. त्यानें केवळ चौकटीची जुनी आवृत्ति बदलून नवी केली. फरक पडला तो कांहीं मिलिमीटरांचाच. कारण या चौदा अंकांनीं चौकट बदलते, धोंडा कालांतून पुढें जात नाहीं. त्यासाठीं भारतीय भूपट्टाचें वार्षिक परिभ्रमण निराळें द्यावें लागतें. तें दिल्याबरोबर जुने व नवे आंकडे दोन सेंटीमीटरांच्या आंत जुळले. त्या कागदावर मोजणीदारानें चौकटीचें नांव आणि मोजणीची तारीख लिहिली नव्हती. मागील पानावरील पावतीमुळें वर्ष तरी कळलें.

आज पालघर जिल्ह्यांत मोजणीचें काम पुष्कळ चाललें आहे; मुंबई-अहमदाबाद अतिवेग रेल्वेचें स्थानक बोईसरास होत आहे. अशा वेळीं घरोघरीं हे कागद येतील. वाचकांस माझी विनंति एवढीच : अक्षांश-रेखांशांचा कागद हातीं घेतांना त्यावर संदर्भचौकटीचें नांव, आंकडे कोणत्या दिनांकाचे ती तारीख, आणि विहीर किंवा देऊळ अशा एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून धोंड्याचें फितीनें मोजलेलें अंतर, हीं तिन्हीं लिहून घ्यावीं. तिसरें सर्वांत महत्त्वाचें, कारण तें भूपट्टाबरोबर बदलत नाहीं. आणि आंकडे जुळले नाहींत तर प्रथम गणित तपासावें, माणूस मागाहून.

असो. धाकट्या भावास मीं कांहीं बोललों नाहीं. तो आपण होऊनच दादांकडे गेला. काय बोलणें झालें तें मीं विचारलें नाहीं. कुंपण धोंड्याच्या रेषेंत झालें, आणि विहिरीकडे जाण्यास दोन्हींकडून वाट ठेवली. त्या वर्षींच्या गणेशचतुर्थीस वहिनींच्या घरून मोदकांचें ताट आलें, तें मात्र मोजून घेतलें नाहीं.