ॲट्रॉसिटी कोण करतो?

इंग्रजी शब्द गावात आला की गाव त्याला आधी जात विचारतं. मग वेशीच्या आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, ते ठरवतं.

आमच्या आंजीच्या (मोठी) कुठल्याही पानठेल्यावर उभे राहा अन् ऐका. 'त्या पोट्ट्यानं मालकावर ॲट्रॉसिटी केली बे!' इंग्रजीत ॲट्रॉसिटी म्हणजे अमानुष अत्याचार. तो करणारा अत्याचारी. इथं मात्र मार खाल्लेला पोट्टा ॲट्रॉसिटी 'करतो', अन् मारणाऱ्यावर ती 'होते'. कायदा १९८९ चा, नाव अत्याचार प्रतिबंधक. लोकांनी 'प्रतिबंधक' गाळलं, 'कायदा' गाळला. उरला नुसता अत्याचार, तो फिर्यादीच्या माथी मारला. एका क्रियापदात आरोपी बदलला! ना कोर्ट लागलं, ना वकील.

हे अडाण्यांचं इंग्रजी नाही. शिकलेसवरलेले असंच बोलतात. आपलेही बोलतात: 'टाकू का ॲट्रॉसिटी?'

अन् खरी ॲट्रॉसिटी कुठं झाली? भंडारा जिल्ह्यात, खैरलांजीला. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ ला खालच्या कोर्टानं अन् २०१० ला हायकोर्टानं खुनाचा गुन्हा धरला, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. शब्दाचा अर्थ जिथं रक्तानं लिहिला होता, तिथंच तो शब्द बसला नाही.

'ओपन'चंही तेच. जाहिरातीत ओपन म्हणजे सगळ्यांना खुली जागा. आपला पोरगा मार्कांवर तिथं बसू शकतो. पण बोलण्यात 'ओपन' ही जात झाली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दारं बंद ठेवली ते 'ओपनवाले', अन् ज्यांच्या तोंडावर ती आपटली ते 'कॅटेगरीवाले'. वा रे भाषा!

इंग्रजीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तिनं आपल्याकडून पंडित उचलला, त्याला तज्ज्ञ केलं. परै नावाच्या ढोलावरून ज्यांचं नाव पडलं ते तमिळ परैयर उचलले, त्यांचा 'पारिया' केला: वाळीत टाकलेला. आजही जगानं दूर लोटलेल्या देशाला इंग्रजी पेपर पारिया म्हणतात. जिवंत माणसांच्या जातीचं नाव शिवी म्हणून वापरतो आहोत, हे त्यांच्या गावीही नसतं.

मग इंग्रजी सोडायची? बिलकूल नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. बाबासाहेबांनी १९३६ ला 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीतच लिहिलं. भाषा हत्यार आहे, पण मूठ कुणाच्या हातात अन् पातं कुणाकडं, हे बघून धरायचं.

म्हणून क्रियापद सांभाळा. 'त्यानं ॲट्रॉसिटी केली' हे मारणाऱ्याबद्दल बोलायचं. आपण केली ती तक्रार. पानठेल्यावर, कॉलेजात, बातमीत जिथं उलटं ऐकाल तिथं तोंडावर टोका. फिर्याद आपली आहे. गुन्हा त्यांचा.