नागीण, विटाळ आणि बहात्तर तास

कमरेवर आग पडली, पाणीभरले फोड रांगेनं उठले की वस्तीत आरोळी उठते : नागीण! तोंड न् शेपूट जुळलं की माणूस खलास! मग गेरूचा लेप, मंत्र, उतारा.

साफ थाप आहे ही. लहानपणी कांजिण्या गेल्या, त्यांचा विषाणू गेला नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसला. प्रतिकारशक्ती ढासळली की त्याच नसेवाटे कातडीवर येतो. म्हातारपणानं ढासळते, एचआयव्हीनं ढासळते, कॅन्सरच्या औषधांनी ढासळते. पट्टा बहुधा अंगाच्या एकाच बाजूला उठतो. मग तोंड-शेपूट जुळणार कुठं? मारतं ते वेगळंच. पोखरलेल्या देहात हा विषाणू अंगभर पसरतो, फुफ्फुसात, मेंदूत शिरतो.

औषध आहे. असायक्लोविर. पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांत सुरू झालं तर उत्तम. प्रतिकारशक्ती खचलेल्याला उशिरानंही द्यावंच लागतं. आता सांगा, हे बहात्तर तास कोण खातं? पहिला दिवस मांत्रिक खातो. दुसरा मुकादम खातो, कारण खाडा म्हणजे रोज बुडाला. तिसरा दवाखान्याची रांग खाते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप चावलेल्याला उपचारापासून रोखणं गुन्हा आहे. त्या कलमात साप आहे, विंचू आहे, कुत्रा आहे. आमची नागीण नाही.

तरण्या पोराला नागीण उठली तर एचआयव्हीची तपासणी सुचवणं हे डॉक्टरचं काम. त्याच्या चारित्र्याचा पंचनामा करणं नव्हे. एचआयव्हीची औषधं सरकार २००४ पासून फुकट देतं. भेदभावाला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी गोदीतल्या माझ्या एका साथीदाराला एका दवाखान्यात मलमाची ट्यूब लांबनं फेकली. हात लागू दिला नाही. ही फेक आम्ही ओळखतो, साहेब. आमच्या आज्याच्या ओंजळीत तुम्ही असंच वरनं पाणी सोडत होता. तेव्हा धर्म सांगितला, आता जंतू सांगता.

जंतूचा नियम ऐका. फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या आल्या नाहीत त्याला कांजिण्या येऊ शकतात. फोड झाका, हात धुवा, गरोदर बाई न् तान्हं मूल जपा. बस्स. विषाणूला जात कळत नाही. ती तुम्हाला कळते.

दोस्तांनो, वस्तीवस्तीत सांगा : फोड दिसला की त्याच दिवशी दवाखाना. औषध नाही म्हणाले तर घेराव. मांत्रिक आडवा आला तर त्याला वस्तीबाहेर काढा.

कातडी आमची आहे. तिच्यावर आता कुणाचा विटाळ लिहू देणार नाही.