मेलेल्या बादशहाचं एकोणिसावं वर्ष

दादांचा इंतकाल होऊन चौदा वर्षं झाली. निफाडच्या शेताच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. परवा फुफीने अब्बांना पहिल्यांदाच तोंडावर विचारलं, "भाईजान, माझा हिस्सा कागदावर कधी येणार?" अब्बा गप्प बसले.

मी सॉफ्टवेअरवाला. माणूस गेला आणि सिस्टीमला कळलंच नाही, हा दोष मला रोज दिसतो. म्हणून मुघल दफ्तर बादशहाचा मृत्यू कसा नोंदवायचं ते वाचत बसलो.

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरच्या छावणीत वारला. त्यानंतर कागदांत त्याचा उल्लेख 'खुल्दमकान' असा होऊ लागला. बाबर 'फिर्दौसमकानी', अकबर 'अर्शआशियानी', तसाच हा. जिवंतपणी ही नावं नसत, त्यामुळे कागदात ती दिसली की मजकूर मृत्यूनंतरचा आहे हे कळतं. दुसरी खूण जुलूस वर्षाची, म्हणजे तख्तावर बसल्यापासूनच्या वर्षांची. औरंगजेबाचं ५१वं चालू होतं. नवा बादशहा आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्या वर्षाला आकडा नाही, 'अहद' लिहायचं.

पण अहद कुणाचं? आझमशाह बकरी ईदला अहमदनगरातच तख्तावर बसला. थोरला मुअज्जम दूर उत्तरेत, कामबक्ष विजापुरात. तिघांनीही आपापल्या नावाची नाणी पाडली. जून १७०७ मध्ये आझम जाजऊच्या लढाईत मारला गेला, १७०९च्या जानेवारीत कामबक्ष गेला. तोवर गुलशनाबादच्या, म्हणजे आपल्या नाशिकच्या, कारकुनांनी कागदावर कोणतं साल घालायचं? चुकीचं साल म्हणजे चुकीच्या मालकाची चाकरी.

याच्या उलट गंमत ईस्ट इंडिया कंपनीची. शाहआलम दुसरा १८०६ मध्ये वारला. बंगालचा सिक्का रुपया मात्र १८३५ पर्यंत त्याच्याच नावाने निघत राहिला, आणि त्यावरचं जुलूस वर्ष कायम १९! आमच्या भाषेत हार्डकोडेड. बाजाराचा जुन्या ठशावर विश्वास होता हे खरं, पण सोय टांकसाळ ज्याच्या हातात त्याचीच झाली.

आमच्या घरात तेच झालं. सातबाऱ्यावर नाव दादांचं, पीक मुलांचं. जियारत, चाळिसावा सगळं वेळेवर केलं. कब्रस्तानची पावती जपून ठेवली, पण मृत्यूची नोंद करायला कुणी गेलंच नाही. इस्लामने मुलीला वारसा दिला हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. मग वारस नोंद का टाळतो? आळस म्हणू नका. ज्यांच्या ताब्यात जमीन असते त्यांना हा आळस परवडतो, त्यात माझं घरही आलं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वारसांनी तलाठ्याला तीन महिन्यांत कळवायचं असतं. घरात कुणी गेलं की ही दोन कामं तरुण पोरांनी अंगावर घ्यावीत, मोठ्यांची वाट बघू नये. आम्हाला आता आधी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल, मग दाखला, मग फेरफार. फुफी अडुसष्ट वर्षांची आहे.