स्वमग्न मुलांचा उद्योगधंदा

दहावीचा निकाल लागला कीं घरोघर एकच प्रश्न निघतो: आतां पुढें काय? ज्या घरांत स्वमग्न मुलगा वा मुलगी आहे, तेथें हा प्रश्न निकालाची वाट पाहत नाहीं. तो आईबापांच्या उशाशीं वर्षानुवर्षें बसलेला असतो. आपल्या पश्चात् ह्या लेंकराचें कसें होईल, हाच त्याचा खरा अर्थ होय.

स्वमग्नता जन्मजात असते; ती आईबापांच्या हयगयीचें फळ नव्हे. कोणा स्वमग्नास मोठा आवाज सोसत नाहीं, कोणी नजरेस नजर देत नाहीं, कोणाचा जीव ठरलेला क्रम मोडतांच घाबरा होतो. असे सर्वच जण असामान्य गणिती असतात, ही समजूतहि चुकीची. कित्येकांस बोलणेंहि जड जातें. म्हणून सर्वांस एकच धंदा नेमून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. माणूस पाहून काम निवडावें.

आमच्या वऱ्हाडांत अशीं कामें थोडीं नाहींत. जिनिंगच्या कारखान्यांतील घरघर ज्यास असह्य होते, त्यास बियाणें निवडण्याचें शांत काम कदाचित् तासन्‌तास गोड वाटेल. वरुड-मोर्शीकडील संत्र्यांची आकारवार निवड, रोपवाटिकेंतील नित्यक्रम, ग्रंथालयांतील पुस्तकांची मांडणी, संगणकावरील नोंदी, ह्या कामांस चिकाटी व बारीक नजर लागते. ज्यास आपण घरीं हट्ट म्हणतों, तोच येथें पुष्कळदां गुण ठरतो.

मग अडतें कोठें? आमच्या मतें मुलाखतींत. काम हातांचें असो वा डोळ्यांचें, परीक्षा मात्र जिभेची होते. डॉ. लिओ कॅनर ह्यांनीं १९४३ सालीं अमेरिकेंत अकरा मुलांचें वर्णन करून स्वमग्नता जगापुढें मांडली. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट पुढें पदवीधर झाला, फॉरेस्ट ह्या आपल्या गांवच्या बँकेंत अनेक दशकें नोकरी करून २०२३ सालीं वारला. त्या बँकेंत त्याच्या आजोळच्या मंडळींचें वजन होतें, ही गोष्ट विसरतां कामा नये. प्रत्येकाचें आजोळ असें नसतें; म्हणून तें काम गांवानें केलें पाहिजे.

कायद्यानें वाट दाखविली आहे. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ ह्याअन्वयें सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीं चार टक्के जागा राखीव आहेत. त्यांपैकीं एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता ह्या सर्वांस मिळून आहे. त्यासाठीं किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र लागतें. पालकांनीं तें वेळींच काढून ठेवावें. परंतु एका टक्क्यांत किती जण मावणार? अमरावती-अकोल्याच्या व्यापाऱ्यांस आमची विनंति आहे कीं, अशा उमेदवारास प्रश्न विचारण्याऐवजीं चार दिवस प्रत्यक्ष काम देऊन पाहावें, आणि काय करावयाचें तें क्रमवार लिहून द्यावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याच वर्गांत कोणी एकटा बसत असेल. त्यास हिणवूं नका. उद्यां दुकानाचे व कचेरीचे मालक तुम्हींच होणार आहां. प्रेषित पौलानें समाजास देहाची उपमा दिली आहे. त्या देहांतील एकहि अवयव निरुपयोगी नाहीं, ही शिकवण आपण प्रार्थनेपुरती ठेवूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.