प्रोसिडिंगवरची सही

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला, तेव्हा मोफत शिक्षणाची आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव प्रवेशांची भरपूर चर्चा झाली. कलम २१ मात्र फारसे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. विनाअनुदानित शाळा सोडून बाकी सर्व शाळांना या कलमाने व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तीत किमान तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला आणि दुर्बल, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सदस्य-सचिव. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा खर्च तपासणे, ही कामे कायद्यानेच समितीला दिली. म्हणजे वऱ्हाडातल्या दर्यापुरात किंवा तेल्हाऱ्यात दिवसभर कापूस वेचणारी आई सरकारी पैशाचा हिशेब मागू शकते. इतका थेट अधिकार तिला दुसऱ्या कोणत्या कायद्याने दिला असेल, तर तो शोधावाच लागेल. तरी फार ठिकाणी तिच्या वाट्याला उरते ती प्रोसिडिंग बुकातली सही, आणि तीही बैठक होऊन गेल्यावर घरी आणून घेतलेली.

याचे खापर पालकांच्या उदासीनतेवर फोडणे सोपे आहे, पण आधी वेळापत्रक पाहावे. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार हवा. वऱ्हाडात दसरा-दिवाळीपासून पुढचे हे तीन महिने सोयाबीनच्या सोंगणीचे आणि कपाशीच्या वेचणीचे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दुपारी बारा वाजता शाळेत बोलावलेली बैठक सदस्याला फुकट पडत नाही. वेचणाऱ्या बाईचा अर्धा रोज बुडतो. धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू कुटुंबे तर याच हंगामात कामासाठी मैदानी भागात उतरतात, मग समितीची गणसंख्या गावातच उरत नाही. पगारी माणसाची स्वयंसेवा आणि रोजंदारीवरच्या माणसाची स्वयंसेवा या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. बैठक संध्याकाळी ठेवणे आणि सदस्याला बैठकीपुरता भत्ता देणे, एवढ्याने तिजोरी रिकामी होणार नाही.

शिकलेले लोक हमखास विचारतात, अंगठेबहाद्दरांना शाळेतले काय कळते? खिचडी कच्ची आहे की शिजलेली, हे कळायला डी.एड. लागत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात शाळेच्या टाकीतले पाणी पिण्याजोगे आहे का, हे त्याच पाण्यावर संसार करणाऱ्या बाईइतके कोण सांगेल? अनुदानाचे आकडेही काही गूढ नाहीत. समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते; तीसपर्यंत पट असलेल्या लहान शाळेला वर्षाला १० हजार रुपये आणि त्यापुढे शंभरापर्यंत २५ हजार, असे ठरले. बचत गटाचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या बायकांना २५ हजारांचा जमाखर्च समजणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: समिती आली की गावचे राजकारण शाळेत शिरते. शिरते. पण शिक्षकांच्या बदल्यांपासून वर्गखोल्यांच्या ठेक्यांपर्यंत ते आधीपासून तिथे आहेच, आणि बंद दाराआडून आहे. पालकसभेत सगळ्यांसमोर निवड झाली, तर निदान कोण कुणाचा माणूस ते तरी दिसते. तिसरी तक्रार अधिकारांची. इंग्लंडमध्ये शाळेच्या गव्हर्नरांना मुख्याध्यापकाच्या निवडीत आणि अंदाजपत्रकात हात घालता येतो. आपल्या समितीला शिक्षक नेमता येत नाही, काढताही येत नाही. ही उणीव मी नाकारत नाही. मात्र कलम २२ म्हणते की सरकारने द्यायच्या अनुदानाचा आधार समितीचा आराखडाच असेल. ज्या शाळेच्या आराखड्यात पाण्याची, स्वच्छतागृहाची मागणीच लिहिलेली नाही, तिला मिळाले नाही म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्याशी भांडायला कागद कुठून आणणार? कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा २०२३ पासून कानावर आहे. अशा वेळी तर शाळेचा लेखी ठराव तोंडी तक्रारीपेक्षा जड ठरतो.

खरी अडचण ठराव लिहिण्याची आहे, आणि इथे शहराकडे पाहावे लागते. अमरावती-अकोल्यातल्या ज्या घरांना अर्ज लिहिता येतो, त्यातल्या अनेकांनी आपली मुले इंग्रजी शाळांत घातली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेशी नाते तोडले. या भागात पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती बहुजनांची पोरे शिकावीत म्हणून. त्या संस्थेत शिकून नोकरीला लागलेल्या आणि आता निवृत्त झालेल्यांची संख्या इथे कमी नाही. पालक नसलेल्यांच्या उरलेल्या एक चतुर्थांश जागांत स्थानिक शिक्षणतज्ज्ञालाही स्थान आहे. निवृत्त शिक्षकाने, बँकेतल्या किंवा कृषी विद्यापीठातल्या माणसाने ती जागा मागून घ्यावी. फक्त अध्यक्षाच्या खुर्चीकडे पाहू नये. त्याचे काम लेखनिकाचे: आकडे मोठ्याने वाचून दाखवायचे, बायका काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचे आणि सहीआधी परत वाचून दाखवायचे. आराखड्याची पहिली बैठक पोळ्यानंतर ठेवली तर उत्तम. डवरणी-निंदण आटोपलेले असते, सोंगणीला अजून अवकाश असतो आणि माणसे गावात सापडतात.